दशमांश : किती द्यावा आणि कोणाच्या हाती?

दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग. जुन्या करारातील हा शब्द आपल्या धर्मग्रामांत पूर्वी क्वचितच कानी पडत असे. मिस्साबलिदानाच्या वेळी फिरणारी अर्पणाची थैली, उपवासकाळातील दानपेटी, सणाची वर्गणी, मिशन रविवारचे पाकीट आणि मृतांसाठी सांगितलेल्या मिस्सा, एवढ्यावर आपले देणे चालत आले. अलीकडे मात्र निरनिराळ्या प्रार्थनासभांतून आणि मोबाइलवरील प्रवचनांतून हा शब्द घराघरांत पोहोचला आहे. पगाराचा दहावा भाग दिला नाही तर ती देवाची चोरी होय, असे ठामपणे सांगितले जाते. आणि तो भाग कोठे द्यावयाचा, हेही बहुधा सांगणाराच ठरवतो. डोक्यावर कर्ज असलेली कुटुंबे या धास्तीने पैसे देतात. दुसरीकडे चांगले कमावणारे काही जण ‘आम्हां कॅथलिकांना दशमांश नाही’ असे म्हणून दहा रुपयांच्या नोटेवर वर्षानुवर्षे समाधान मानतात. या दोहोंचा विचार व्हावा म्हणून हा विषय येथे थोडा विस्ताराने मांडीत आहोत.

शास्त्रातील दशमांश

अब्राहामाने मलकीसदेकाला दशमांश दिला, याकोबाने बेथेल येथे दशमांशाचा नवस केला, हे उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचतो. पुढे मोशेच्या नियमशास्त्रात त्याला व्यवस्थेचे रूप आले. शेतातील धान्य, झाडांची फळे आणि गुराढोरांतील दहावा भाग परमेश्वराचा मानला गेला. गणनेच्या पुस्तकाप्रमाणे तो लेवींना मिळत असे, कारण बारा वंशांत जमिनीचा वाटा नसलेला वंश तो एकच होता. येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. लेवींना मिळालेल्या दशमांशातूनही दहावा भाग त्यांनी याजकांसाठी काढून द्यावा, असा नियम होता. म्हणजे घेणाराही देण्यातून सुटलेला नव्हता.

अनुवादाच्या चौदाव्या अध्यायातील वर्णन तर पहिल्यांदा वाचणाऱ्यास चकित करणारे आहे. कुटुंबाने आपला दशमांश घेऊन मंदिराच्या ठिकाणी जावे. वाट दूरची असल्यास धान्य विकून पैसे करावेत, तेथे हवे ते खरेदी करावे आणि परमेश्वरासमोर घरादारासह जेवून आनंद करावा, लेवीला विसरू नये. दर तिसऱ्या वर्षी मात्र तो गावातच साठवून लेवी, परदेशी, अनाथ व विधवा यांना पोटभर जेवू घालावे. दशमांशात उपासना होती, सण होता आणि गावातील निराधारांची तरतूदही होती. त्यांतील एकच धागा ओढून काढला की त्याचा कर होतो.

मलाखी संदेष्ट्याचा तिसरा अध्याय आज सर्वांत अधिक उद्धृत होतो. दशमांश भांडारात आणा, म्हणजे स्वर्गाची दारे उघडतील, एवढाच भाग त्यातून उचलला जातो. त्याच अध्यायात, काही वचने आधी, परमेश्वर ज्यांच्याविरुद्ध साक्ष देण्यास उभा राहतो त्यांची यादी आहे. मजुराची मजुरी दाबून ठेवणारे, विधवा व अनाथ यांना छळणारे, परक्याचा हक्क नाकारणारे असे लोक तिच्यात आहेत. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार दोन वर्षे न वाढवता प्रार्थनासभेत दशमांश देणाऱ्याने हा अध्याय पहिल्या वचनापासून वाचावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

प्रभू येशूने दशमांश मोडीत काढला नाही. पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दहावा भाग मोजून देणाऱ्या परूश्यांना त्याने न्याय, दया व विश्वास यांची आठवण करून दिली. हेही करा आणि तेही सोडू नका, असा त्याचा रोख होता. ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेले, असे म्हणून आईवडिलांचा आधार काढून घेणाऱ्यांना मात्र त्याने मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात कडक शब्दांत फटकारले. आईच्या औषधांचे पैसे थकवून दिलेली देणगी देवाला चालत नाही, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

मंदिराच्या भांडारात दोन लहान नाणी टाकणाऱ्या विधवेची कथा तर दानाच्या प्रत्येक प्रवचनात येते. तिच्या उदारतेपुढे आपण नतमस्तक होतो, ते योग्यच आहे. परंतु मार्कने ती कथा कोठे ठेवली आहे, हेही पाहावे. तिच्या लगेच आधी प्रभू शास्त्र्यांविषयी सावध करतो. लांबलचक प्रार्थनांचा देखावा करून विधवांची घरे गिळंकृत करणारे, असे तो त्यांना म्हणतो. आणि लगेच पुढे, ते भव्य मंदिर दगडावर दगड न राहता कोसळेल, असे सांगतो. विधवेने सर्वस्व दिले, आणि ज्यांच्या हाती ती व्यवस्था होती ते कसे होते, या दोन्ही गोष्टी शुभवर्तमान एकाच श्वासात सांगते. गरिबाकडून शेवटचा रुपया मागण्यासाठी या कथेचा वापर करणाऱ्याने आपण तिच्यातील कोणत्या बाजूला उभे आहोत, याचा विचार करावा.

ख्रिस्तसभेचा नियम काय आहे?

युरोपात दशमांश एके काळी खरोखर सक्तीचा होता. इ. स. ५८५ च्या माकोन येथील धर्मपरिषदेने तो न देणाऱ्यास बहिष्काराची शिक्षा सांगितली आणि ७७९ मध्ये शार्लमेन राजाने त्याला राज्याच्या कायद्याचे बळ दिले. पुढे त्याचे काय झाले, हा इतिहास सुखद नाही. वसुलीचे हक्क विकले गेले, सरदारांच्या हाती गेले, शेतकरी पिचला. फ्रान्समध्ये १७८९ च्या क्रांतीत दशमांश रद्द झाला तेव्हा फार थोड्यांनी अश्रू ढाळले. आयर्लंडमध्ये तर कॅथलिक शेतकऱ्यांना आपला नसलेल्या अँग्लिकन चर्चसाठी दशमांश भरावा लागे आणि १८३० च्या दशकात त्यावरून रक्तही सांडले.

आजच्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या कायदेसंहितेत, दहा टक्क्यांचा नियम नाही. कलम २२२ मध्ये दोन कर्तव्ये शेजारी शेजारी सांगितली आहेत. उपासना, प्रेषितकार्य, सेवाकार्य आणि सेवकांचा चरितार्थ यांसाठी भाविकांनी ख्रिस्तसभेच्या गरजा भागवाव्यात; तसेच सामाजिक न्यायाचा पुरस्कार करून स्वतःच्या मिळकतीतून गोरगरिबांना साहाय्य करावे. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानेही ख्रिस्तसभेच्या आज्ञांमध्ये हे कर्तव्य, प्रत्येकाच्या ऐपतीप्रमाणे, असे सांगितले आहे. तेव्हा ‘आम्हांला दशमांश नाही’ हे अक्षरशः खरे. पण ‘आम्हांला देणे नाही’ हे मुळीच खरे नाही.

मग दहावा भाग विसरून जावा काय? आमच्या मते तो मोजपट्टी म्हणून अतिशय उपयोगी आहे. आपण किती देतो हे बहुतेकांना ठाऊकच नसते, कारण देणे सुट्या पैशांत आणि भावनेच्या भरात होते. समजा, एका घरात महिन्याला ४५,००० रुपये येतात. दहावा भाग ४,५०० होतो. घराच्या कर्जाचा हप्ता, मुलांची फी आणि आजोबांची औषधे वजा जाता इतके देणे आज शक्य नसेल. पण १,००० रुपये पगाराच्या दिवशीच बाजूला काढले, तर वर्षाचे १२,००० होतात. पुढे कर्ज फिटले की आकडा वाढवता येतो. वाडीत फुले, केळी किंवा भाजीपाला पिकवणाऱ्याने खत, मजुरी व वाहतूक वजा करून उरलेल्यावर हिशेब धरावा. विक्रीच्या रकमेवर धरल्यास चूल विझेल. महिना तीन लाख मिळवणाऱ्यास मात्र दहा टक्के हा शेवट नसून कदाचित आरंभ असावा. संत पौलाने करिंथकरांना हेच लिहिले की, जवळ जे आहे त्याप्रमाणे दिलेले मान्य होते, नाही त्याप्रमाणे नव्हे. दुसऱ्यास आराम आणि तुम्हांला ओझे, असा हेतू नाही. कर्ज काढून दशमांश देण्यास सांगणाऱ्याला हा अध्याय दाखवावा.

आपल्या पूर्वजांना पहिल्या फळाचे अर्पण नवीन नव्हते. गोव्यातील कोणसाचे फेस्त, मुंबई व उत्तर कोकणातील ईस्ट इंडियन समाजाचा आगेरा यांत भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आणून आशीर्वादित करतात. आधी देवाचे, मग कोठारात, हा क्रम शेतकऱ्याला कोणी शिकवावा लागला नाही. नोकरदाराच्या पगारात तो क्रम नेमका उलटा झाला आहे. महिन्याच्या शेवटी उरले तर द्यायचे, आणि उरत कधीच नाही.

कोणाच्या हाती द्यावे?

आता दुसरा व अधिक अवघड प्रश्न येतो. दान देवाला दिले, पुढचे देव पाहील, असे म्हणून हात झटकणे पुष्कळांना श्रद्धेचे लक्षण वाटते. प्रेषितांना तसे वाटत नव्हते. यरुशलेममधील गरीब बांधवांसाठी संत पौलाने मासेदोनिया, अखया, गलतिया येथील मंडळ्यांतून निधी जमवला. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने थोडे थोडे बाजूला ठेवावे, असे त्याने सांगितले. हा निधी त्याने एकट्याने नेला नाही. मंडळ्यांनी स्वतः निवडलेली माणसे पत्रांसह पाठवावीत, असे त्याने करिंथकरांना कळवले. तीताबरोबर मंडळ्यांत नावाजलेला एक बंधू आणि पारखून घेतलेला आणखी एक बंधू धाडला. कारणही लपवले नाही. एवढ्या मोठ्या रकमेविषयी कोणी आपल्यावर ठपका ठेवू नये, देवासमोर आणि माणसांसमोरही सर्व स्वच्छ असावे, असा त्याचा आग्रह होता. प्रेषित असलेल्या पौलाला जर साक्षीदार सोबत असावेत असे वाटले, तर आपल्या धर्मग्रामाच्या खजिनदाराला हिशेब विचारल्याने त्याचा अपमान होतो, असे का मानावे?

पहिल्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराच्या ‘दिदाखे’ या छोट्या ग्रंथात याहून रोखठोक सूचना आहेत. कोणाला द्यावे हे कळेपर्यंत दान हातातच धरून ठेवावे, अशा आशयाचे वचन त्यात आहे. फिरता संदेष्टा तीन दिवस मुक्काम करू लागला अथवा पैसे मागू लागला, तर तो खोटा समजावा. तो दुसऱ्या गरजूंसाठी मागत असेल तर मात्र त्याचा न्याय करू नये. आणि गावात संदेष्टा नसेल तर पहिली फळे गरिबांना द्यावीत. मोबाइलच्या पडद्यावरून येणाऱ्या आजच्या संदेष्ट्यांना ही कसोटी लावून पाहण्याजोगी आहे.

या संदर्भात फ्रान्समधील लिओं शहराच्या धन्य पॉलिन जॅरिको यांचे चरित्र आम्हांला फार बोलके वाटते. रेशीम व्यवसायातील सधन घरात १७९९ साली जन्मलेल्या या प्रापंचिक तरुणीने दहा दहा जणांचे गट केले. प्रत्येकाने आठवड्याला एक सू, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणे, द्यायचे. दहा गटांचा एक शतगट, त्यावर सहस्रगट, आणि प्रत्येक पायरीवर पैसे जमा करणारी, एकमेकांना ओळखणारी माणसे. यातून ३ मे १८२२ रोजी श्रद्धाप्रसार संस्था उभी राहिली. पैसा कोण्या एका मिशनला न जाता जगभरच्या मिशनांत वाटला जाई आणि मिशनऱ्यांची पत्रे छापून देणाऱ्यांपर्यंत पोहोचत. १९२२ मध्ये ती संस्था पोपमहोदयांच्या अधिकाराखाली आली. १९२६ पासून आपण ऑक्टोबरातील शेवटून दुसऱ्या रविवारी जो मिशन रविवार पाळतो, त्याचे मूळ तेथे आहे.

याच पॉलिनबाईंनी पुढे, कामगारांना माणुसकीने वागवणारा आदर्श कारखाना असावा या उदात्त हेतूने, १८४५ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधील रुस्त्रेल येथील लोखंडाच्या भट्ट्यांत स्वतःचा आणि इतरांचा पैसा गुंतवला. ज्यांच्या हाती व्यवहार सोपवला त्यांनी फसवणूक केली. उद्योग बुडाला. ज्यांचे पैसे बुडाले त्यांत सामान्य माणसेही होती, आणि त्यांची फेड करण्यासाठी या बाईंनी उरलेले आयुष्य दारोदार मदत मागण्यात घालवले. ९ जानेवारी १८६२ रोजी त्या वारल्या तेव्हा शहराच्या निर्धनांच्या यादीत त्यांचे नाव होते. २२ मे २०२२ रोजी लिओं येथे त्यांना धन्य घोषित करण्यात आले. त्यांच्या पवित्रतेविषयी शंका नाही, हेतूविषयीही नाही. गटागटांतून जमलेल्या नाण्यांवर दहा जणांची नजर होती. भट्ट्यांच्या हिशेबावर ती नव्हती.

रोममध्येही हे घडले. लंडनमधील एका इमारतीच्या खरेदीत परमधर्मपीठाच्या सचिवालयाचे कोट्यवधी युरो बुडाले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनच्या न्यायालयाने एका कार्डिनलसह अनेकांना दोषी ठरवले. त्या निकालाविरुद्ध अपील झाले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२० सालीच त्या सचिवालयाकडून निधी व मालमत्तांची व्यवस्था काढून दुसऱ्या विभागाकडे सोपवली होती. हे लिहिताना आम्हांला आनंद होत नाही. परंतु भाविकांनी हे वर्तमानपत्रांतून वाचलेले आहे, आणि आपल्या पानांवर त्याबद्दल मौन पाळल्यास शंका वाढतात, घटत नाहीत.

कॅनन लॉने देणाऱ्याला काही हक्क दिलेले आहेत, ते पुरेसे ठाऊक नाहीत. विशिष्ट कारणासाठी दिलेले दान त्याच कारणासाठी वापरले पाहिजे, असे कलम १२६७ सांगते. छपराच्या दुरुस्तीसाठी गोळा झालेला पैसा सणाच्या रोषणाईत जाऊ शकत नाही. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे, हे कलम ५३७ चे बंधन आहे. भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यावा, असे कलम १२८७ म्हणते. संबंधित बिशपांच्या लेखी परवानगीवाचून कोणाही खाजगी व्यक्तीने धार्मिक कार्यासाठी निधी गोळा करू नये, असे कलम १२६५ आहे. भिक्षेवर जगणारे व्रतस्थ संघ तेवढे त्याला अपवाद. दुसऱ्या राज्यातील अनाथाश्रमाचे छायाचित्र घेऊन कोणी दारी आल्यास, ‘परवानगीचे पत्र दाखवता का?’ असे विचारण्यात उद्धटपणा नाही. खऱ्या माणसाला त्या प्रश्नाचा राग येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

देशाचा कायदाही मदतीला आहे. महाराष्ट्रात धर्मादाय संस्था सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते, तिला नोंदणी क्रमांक असतो आणि दरवर्षी हिशेब सादर करावा लागतो. गणेशोत्सव मंडळांनासुद्धा वर्गणीसाठी त्या कार्यालयाची परवानगी लागते, मग आपल्या माणसांनी विचारले तर काय बिघडले? व्हॉट्सॲपवर आलेला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर ज्याचे नाव येते ते वाचावे. संस्थेऐवजी एखाद्या व्यक्तीचे नाव दिसले तर थांबावे आणि फोन करावा. पावती मागावी. प्राप्तिकरातील देणगीची सवलत, लोकांच्या तोंडची ‘एटी जी’, विशिष्ट धर्मसमाजापुरत्या काम करणाऱ्या संस्थांना बहुधा मिळत नाही, आणि दोन हजारांपेक्षा अधिकची रोख देणगी तीत धरली जात नाही. तेव्हा चर्चच्या अर्पणावर सवलत नाही म्हणून संशय घेऊ नये, पण ‘सवलत मिळेल’ असे सांगणाऱ्याकडून तसे प्रमाणपत्र अवश्य घ्यावे.

आपली अनेक मुले आखातात, ऑस्ट्रेलियात, कॅनडात आहेत आणि गावच्या चर्चसाठी, शाळेसाठी पैसे पाठवू इच्छितात. त्यांच्यासाठी एक बारकावा महत्त्वाचा आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी मानली जात नाही. परंतु ज्याने परदेशाचे नागरिकत्व घेतले आहे, त्याची देणगी विदेशी अंशदान ठरते, मग त्याचे आजोळ याच गावात का असेना. अशी देणगी २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ती स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील ठराविक खात्यातच जमा व्हावी लागते. भावाच्या खात्यात पाठवून पुढे संस्थेला देण्याची पळवाट चांगल्या संस्थेलाच अडचणीत आणते.

कागदपत्रांच्या पलीकडची एक जुनी वाट आहे. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम व त्यांच्या मित्रांनी सुरू केलेल्या संत व्हिन्सेंट दी पॉल संस्थेचे सभासद गरजूच्या घरी स्वतः जातात, बसतात, ऐकतात आणि मग मदत ठरवतात. आपल्या अनेक धर्मग्रामांत हे काम मुकाट्याने चालू असते. आपल्या देण्यातील काही भाग ज्याच्या घराचा उंबरठा आपण ओलांडू शकतो अशा कुटुंबासाठी, काही धर्मग्रामासाठी, आणि काही ज्यांना आपण कधीच भेटणार नाही अशांसाठी, मिशन रविवार किंवा १९६२ पासून कार्यरत असलेल्या कॅरितास इंडियासारख्या माध्यमातून, अशी वाटणी प्रत्येक घराने आपल्यापुरती ठरवावी. प्रमाण घरोघरी वेगळे असेल. शक्य तर ते जेवणाच्या टेबलावर मुलांसमक्ष ठरवावे. (पूरग्रस्तांसाठी जुने फाटके कपडे देणे हे या वाटणीत धरू नये, आंधळी, लंगडी जनावरे वेदीवर आणणाऱ्यांविषयी तोच मलाखी पहिल्या अध्यायात काय म्हणतो, ते पाहावे.)

आपल्या धर्मग्रामाचा गेल्या वर्षीचा जमाखर्च सूचनाफलकावर लावला आहे का, हे येत्या रविवारी मिस्सानंतर पाहावे. लावला असेल तर थांबून वाचावा, कारण वाचणाऱ्यांची संख्या लावणाऱ्यांपेक्षा फार मोठी नसते. लावला नसेल, तर आर्थिक समितीतील सभासदांची नावे प्रमुख धर्मगुरूंकडून कळून घेऊन त्यांना सौजन्याने विचारावे.